दोन तासांची चिठ्ठी

गाडीच्या पुढच्या चाकाला पिवळा जॅमर लागलेला पाहिला आणि खरं सांगते, मला आनंद झाला. सकाळपासून छातीत राग कोंडून ठेवला होता आणि तो काढायला जागा मिळत नव्हती. ज्याच्यावर काढायचा तो माणूस माझ्याशी बोलतच नव्हता. आता समोर नारिंगी जॅकेट घातलेला, हातात मशीन धरलेला एक जिताजागता माणूस उभा होता आणि म्हणत होता, "ताई, दंड लागला तुमाले." मी पदर खोचला, पर्स खांद्यावर नीट चढवली. पोट लाखोळीच्या डाळीच्या वड्यांनी गच्च भरलेलं होतं, आवाजही चांगला लागला होता. भांडायला आणखी काय पाहिजे?

तशी मी भांडणाला घाबरणारी बाई नाही. माझा धंदाच घासाघिशीचा. आसगावला सासर, घरी धानाची शेती, पण मी मोहाडीच्या विणकरांच्या घरची लेक. लग्न झाल्यावरही कापड सुटलं नाही. हातमागाच्या साड्या गाडीच्या मागच्या सीटवर रचते आणि बाजाराच्या गावांना स्वतः गाडी चालवत जाते. पन्नाशीनंतर गाडी शिकले तेव्हा गावातले लोक हसले होते. आता तेच लोक दवाखान्यात जायचं असलं की "काकू, गाडी रिकामी आहे का?" असं विचारत दारात येतात.

पण एका माणसापुढे माझं तोंड चालत नव्हतं. तो माझा दादा. सहा वर्षं आमचा अबोला होता. बाबा गेले आणि वर्ष व्हायच्या आत त्यानं बाबांचा माग विकून टाकला. ज्या मागावर आम्ही दोघं वाढलो, ज्याच्या खटखटीत झोपलो, तो मला एका शब्दानं न विचारता लाकडाच्या भावात गेला. मला कळलं ते वर्षश्राद्धाला, तेही शेजारणीकडून. भरल्या पंगतीत मी दादाला म्हटलं, बाबांनाच विकायची वेळ आली असती तर तू त्यांचाही भाव ठरवला असतास. दादा ताटावरून उठला. त्या दिवसापासून त्याचं माझ्याशी बोलणं बंद, आणि मग माझंही. विचारायला पाहिजे होतं, हे मी आजही म्हणते.

तो नंतर भंडाऱ्याला राहायला आला. बाजाराच्या मागच्या गल्लीत, खाली कापडाचं दुकान आणि वर घर. वहिनीचा फोन अधूनमधून यायचा. यंदा म्हणाली, "बाई, तुमचे दादा साठीचे होऊन राहिले. बाहेरचं कोणी नाही, घरातल्या घरात ओवाळायचं आहे. तुम्ही याच." मी विचारलं, "त्यानं बोलावलं का?" वहिनी म्हणाली, "मी बोलावून राहिली ना." म्हणजे नाही. तरी मी गेले. बहीण नाही ओवाळणार तर कोण ओवाळणार? मनातून मला एवढंच पाहिजे होतं, की त्यानं एकदा माझ्याकडं पाहून काहीतरी बोलावं. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

त्या गल्लीत गाडी उभी करायला जागा नाही. समोर जुनी आरा मशीन होती, लाकडं कापायची. ती बंद पडली आणि कोण्या कंपनीनं ती जागा घेऊन 'पे अँड पार्क' सुरू केलं. गेटावर हाच नारिंगी जॅकेटवाला होता. चाळिशीचा, पान खाणारा, बोलायला गोड. "किती वेळ, ताई?" मी दोन बोटं दाखवली. दोन तास. त्याहून जास्त थांबायची माझी छाती नव्हती. ओवाळीन, जेवीन, निघीन. त्यानं चिठ्ठी काढून दिली आणि म्हणाला, "उशीर झाला तं येऊन चिठ्ठी वाढवून घेजा. नाहीतर जॅमर लागते, दंड पडते." मी म्हटलं, "मले कायले उशीर होते?"

दादा पाटावर बसला. केस पार पांढरे झाले होते. मी कुंकू लावलं, ओवाळलं. त्यानं रीत म्हणून ताटात ओवाळणी टाकली आणि सगळा वेळ निरांजनाकडं पाहत राहिला. मी पाया पडले. हात थोडा वर आला, माझ्या डोक्यापर्यंत पोचलाच नाही, परत मांडीवर गेला. तोंड उघडलं नाही ते नाहीच.

जेवताना तर नाटकच झालं. आम्ही दोघं समोरासमोर, वहिनी मधे. दादा वहिनीला म्हणाला, "तिले विचार, वडा पाहिजे का." वहिनीनं मला विचारलं. मी वहिनीला म्हटलं, "सांगा, दोन वाढा म्हणा." वहिनी दादाला म्हणाली, "दोन वाढा म्हंते." वड्याची परात दादाच्या हाताशी होती. त्यानं परात उचलली, वहिनीच्या हातात दिली आणि वहिनीनं ती मला दिली. मी वडे घेतले. मन नव्हतं तरी दोन्ही खाल्ले, कारण वडे वहिनीचे होते आणि तिचा काही गुन्हा नव्हता.

हात धुतले, फ्रिजवर ठेवलेली पर्स उचलली. पर्स होती. तिच्याजवळ ठेवलेली गाडीची चावी नव्हती.

पर्स उलटी केली. फ्रिजच्या मागं पाहिलं, सोफ्याच्या गाद्या उचलल्या, ओवाळणीचं ताट पाहिलं. वहिनी माझ्यासोबत वाकून वाकून शोधत होती. दादा टीव्हीसमोर बसून बातम्या पाहत होता. घरात एक माणूस चावी शोधून शोधून घामाघूम झालं आणि हा ढिम्म हलला नाही. माझं डोकं तापत चाललं.

आमच्या भागात पाहुण्याची पिशवी लपवतात. बाहेरच्यांना नवल वाटतं, पण आमच्याकडं ती रीतच आहे. पाहुणा निघतो म्हणाला की त्याची पिशवी गायब. पाहुणा ओरडतो, शोधल्यासारखं करतो आणि शेवटी आणखी एक मुक्काम करतो. मोहाडीला आमची आत्या यायची तेव्हा पिशवी लपवायचं काम दादाचं, आणि मी दारात पहारा द्यायची. तांदळाच्या कोठीत पिशवी पार खोल पुरून तो असा काही भोळा चेहरा करून बसायचा की आत्या त्याला सोडून मलाच रागवायची. ज्याची पिशवी कोणी लपवत नाही तो पाहुणा घरी जाऊन गुपचूप रडतो, असं आई म्हणायची. आता लोक पिशव्या कुठं आणतात? गाडीनं येतात. मग चावी लपवतात.

म्हणून मी वहिनीलाच धरलं. "वहिनी, तुम्ही ठेवली असन तं द्या. मले आज थांबता येत नाही." वहिनीनं देवाची शपथ घेतली. ती खोटं बोलत नाही, बोलली तर तिचे कान लाल होतात, आणि कान काही लाल नव्हते. दादाबद्दल मनात शंकासुद्धा आली नाही. जो माणूस वड्याचं सुद्धा बायकोकरवी विचारतो, तो माझी चावी कायले लपवन? माझा संशय गेला तो त्या नारिंगी जॅकेटवाल्यावर. मीच बावळट, चावी गाडीला लावून आले असेन आणि त्यानं काढून ठेवली असेल, असं वाटायला लागलं.

वहिनी म्हणाली, "बाई, दोन तास होऊन राहिले. खाली जाऊन चिठ्ठी तरी वाढवून घ्या." मी म्हटलं, "चावी सापडली की निघतेच. कायले वाढवू?" इथं माझं चुकलं. चिठ्ठी वाढवायची म्हणजे मी थांबते असं कबूल करायचं, आणि ते मला जमत नव्हतं.

चहाची वेळ झाली. दुसरी चावी घेऊन पोराला बसनं पाठवा, असं सांगायला मी घरी फोन लावणार, तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि चावी माझ्या हातात कोंबली. "कुठं होती?" "सापडली ना, बाई. जाऊ द्या." मी टीव्हीकडं पाहत मोठ्यानं म्हटलं, "येते मी." टीव्हीतला माणूस बोलत राहिला. दादा नाही बोलला. जिना उतरताना मला रडू आलं, ते मी मधल्या पायऱ्यांवरच संपवलं. परत या घराची पायरी चढायची नाही, असं ठरवून रस्ता ओलांडला आणि समोर तो पिवळा जॅमर.

"पाचशे रुपये, ताई."

"कायचे?"

"दोन तासाची चिठ्ठी होती. आता पहा बरं किती वाजले."

"नियम कुठं लिहिला आहे? दाखव मले."

त्यानं फलक दाखवला. फलक होता, नाही म्हणत नाही. पण त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर कोण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला. वर तासाचे दर दिसत होते. जॅमर आणि दंड जिथं लिहिलेलं असेल तिथं पुढारी हात जोडून हसत होता. बाप्पा, माझ्या अंगात काय बळ आलं म्हणून सांगू. "हे वाच," मी म्हटलं. "मोठ्यानं वाच. कुठं लिहिलं आहे दंड?"

"त्याच्या खाली आहे, ताई."

"मंग मी काय फ्लेक्स फाडून वाचू? गिऱ्हाइकाले दिसन असा फलक नाही तं दंड लावायचा तुमाले हक्क कोणी दिला?"

"मी तोंडानं सांगतलं होतं ना पण."

सांगितलं होतं, हे खरं. पण भांडणात समोरच्याचं सगळंच खरं लगेच कबूल करायचं नसतं. मी विषय गेटाच्या पावतीवर नेला. पावतीवर कंपनीचा पत्ता का नाही, तक्रार कुठं करायची, जॅमर लावायची परवानगी कोणाची. एक स्कूटरवाला थांबला. समोरच्या चहाच्या टपरीवरचे लोक गिलास घेऊन जवळ आले. कोणी म्हणालं, "बरोबर बोलून राहिली बाई." मला आणखी चेव आला. सहा वर्षांचं जे काही साठलं होतं ते सगळं त्या बिचाऱ्या जॅकेटवाल्यावर निघत होतं, आणि तो मान हलवत ऐकून घेत होता.

शेवटी त्यानं नागपूरच्या साहेबाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. साहेब हिंदीत म्हणाला, "मॅडम, फाइन हटाना है तो सिस्टम में कारण डालना पड़ता है। गाडी खराब थी?" नाही. "हॉस्पिटल का मामला?" नाही. "पुलिस?" मी म्हटलं, "चावी नहीं मिल रही थी." साहेब म्हणाला, "चावी गुम होना कारण नहीं है, मॅडम. वो आपकी गलती है।" झालं. माझी गलती. मी फोनच त्याच्या हातातून घेणार होते.

तेवढ्यात जॅकेटवाला माझ्या मागं पाहून बाजूला सरकला. वळून पाहिलं तर दादा. घरातल्या बनियनवर शर्ट चढवलेला, बटणं अर्धी लावलेली. एका पायात त्याची चप्पल, दुसऱ्या पायात वहिनीची. धाप लागली होती. माझ्याकडं त्यानं पाहिलंच नाही. थेट जॅकेटवाल्यापुढं जाऊन उभा राहिला आणि खिशातून नोट काढली.

"दंड माझ्याकडून घे. तिची गलती नाही. चावी मीच लपवली होती."

चहावाल्यांनी गिलास खाली केले. फोनमधून साहेब विचारत होता, "क्या छुपाया? किसने छुपाया?"

"तांदळाच्या डब्यात टाकली होती," दादा म्हणाला. "घरवालीनं रातच्यासाठी तांदूळ काढले अन् देऊन टाकली तिले. मले न विचारता."

जॅकेटवाल्याचा चेहरा एकदम बदलला. मशीन त्यानं काखेत मारली. "म्हणजे पाहुण्याची चावी लपवली म्हंता?" दादानं मान हलवली. "मंग हे आधी नाही सांगाव का, ताई? कवाची भांडून राहिली माझ्यासंग." आणि फोनमध्ये म्हणाला, "साहेब, घर का मामला है. तुमाले नाही समजन ते. मी टाकतो काहीतरी." फोन त्यानं बंदच करून टाकला.

मी दादाकडं वळले. "सहा वर्षं तोंड उघडलं नाही माझ्यापुढं. अन् चावी लपवतं? काहून?"

आणि दादा माझ्याशी बोलला. वहिनीला मधे न घालता, माझ्या डोळ्यांत पाहून बोलला. "मंग काय करू? खिडकीत उभा होतो मी सकाळपासून. तू आली, गाडीतून उतरली, अन् त्याले दोन बोटं दाखवली. दोन तास. सहा वर्षांनी आली भावाच्या घरी, अन् दोन तासाची चिठ्ठी घेऊन आली."

हा माणूस खिडकीत उभा होता. मला वाटलं होतं टीव्हीसमोर बसून वाट लावतोय माझी, आणि हा सकाळपासून वाट पाहत होता. मी पदर डोळ्यांकडं नेला, पण समोर चहावाले उभे होते आणि दादाच्या हातातली नोट अजून तशीच पुढं होती. ती दिसली आणि माझी सुटका झाली.

"ते पैसे आधी खिशात टाक," मी म्हटलं. "खबरदार दंड दिला तं. फलक झाकलेला आहे. आपण भरायचा नाही."

"तू मले नको शिकवू."

"शिकवीन. तुले तं सवयच आहे, कोणाले न विचारता व्यवहार करून टाकायची. माग विकला तवाही नाही विचारलं."

"वाळवी लागली होती मागाले," दादा ओरडला. "खांब हातानं चुरत होते. लाकूड म्हणून पण धड कोणी घेत नव्हतं. बाबांचा माग असा झाला हे तुले दाखवायची हिंमत नाही झाली माझी."

"सांगायचं होतं."

"तू सांगू दिलं का? भरल्या पंगतीत बोलली."

"तू उठून गेला."

"उठणारच."

भर बाजारात, गाड्यांच्या हॉर्नमध्ये आम्ही दोघं बहीणभाऊ भांडत होतो. तो ओरडत होता, मी ओरडत होते, आणि मला आतून इतकं बरं वाटत होतं की भांडण संपूच नये. लहानपणी मागाखाली बसून सुताच्या कांड्यांवरून भांडायचो तसं. मी त्याला काय काय बोलले ते मलाच आठवत नाही. तो मात्र मधेच थांबून आपल्या पायांकडं पाहायला लागला, कारण वहिनीच्या चपलेचा पट्टा तुटला होता. तेव्हा मला हसू फुटलं. तो पण हसला, पण लपवून, मान तिकडं वळवून.

जॅकेटवाला जॅमर काढून मोकळा झाला होता. "दंड नाही लावत," तो म्हणाला. "जास्तीच्या तासाचे देऊन टाका फक्त. अन् गेटातून बाजूले व्हा दोघं, मागं गाड्या खोळंबल्या." फ्लेक्सही त्यानं एका बाजूनं सोडवला. खाली खरंच सगळं लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात. मी ते वाचलं आणि पर्स उघडली. तासांचे पैसे मी दिले, दादा देत होता तरी.

गाडीचं दार उघडून मी उभी राहिले. आसगावचा रस्ता लांब, ऊन कललं होतं, घरी कामं पडली होती. दादा बोनेटजवळ उभा होता. त्यानं नुसता हात पुढं केला, तळवा वर करून, आत्याची पिशवी मी दारातून त्याच्याकडं सरकवायची तेव्हा करायचा तसा.

मी दार लावून घेतलं आणि चावी त्याच्या हातात ठेवली. त्यानं ती शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून हात दाबून पाहिलं.

"ताई, गाडी काढता ना?" जॅकेटवाल्यानं विचारलं.

"नाही."

"मंग नवी चिठ्ठी घ्या लागन. किती तासाची?"

"रातभराची दे," मी म्हटलं.

"उद्या संध्याकाळपर्यंतची दे," दादा म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मी वाद घातला नाही.